लकवा कोणत्या रक्तवाहिनीचा? लक्षणांवरून ओळख : नागपूर-विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समोरच्या माणसाला आत्ता, या क्षणी काही होत असेल तर हे पान बंद करा आणि १०८ लावा. वाचायचं नंतर.

बाकीच्यांसाठी : तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, ही तीन लक्षणं आता पोस्टरांमुळे बऱ्याच जणांना पाठ झाली आहेत. पण ती मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या वाहिन्यांची लक्षणं आहेत. मागच्या वाहिन्यांचा लकवा यातलं एकही लक्षण न दाखवता येऊ शकतो, आणि मग तो पित्त, ऊन, बीपी नाहीतर म्हातारपण यांच्या नावावर खपतो. हे पान त्या न ओळखल्या जाणाऱ्या लकव्यासाठी आहे. घरी बसून निदान करण्यासाठी नाही.

लकव्याचे मुळात प्रकार किती?

मोठे दोन. रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडते, किंवा ती फुटते. बहुतेक रुग्णांमध्ये, साधारण दहापैकी आठांमध्ये, ती बंद पडलेली असते. आपल्याकडे अनियंत्रित बीपी खूप असल्यामुळे फुटण्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतं. तिसरा, कमी चर्चेचा प्रकार म्हणजे मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होणं. त्याबद्दल पुढे येईलच.

रक्तवाहिनी कोणती हे लक्षणांवरून कळतं कसं?

मेंदूकडे चार नळ्या जातात. मानेच्या पुढच्या बाजूनं दोन कॅरोटिड, मागून मणक्यांच्या छिद्रांतून दोन व्हर्टिब्रल. प्रत्येक कॅरोटिडपासून पुढची आणि मधली सेरेब्रल धमनी निघते, आणि एक फांदी डोळ्याकडे जाते. मागच्या दोन व्हर्टिब्रल एकत्र येऊन बॅसिलर होते. ती मेंदूच्या देठाला आणि लहान मेंदूला रक्त देत वर जाते आणि शेवटी दोन मागच्या सेरेब्रल धमन्यांमध्ये विभागते. प्रत्येकीचा इलाखा ठरलेला आहे. हात कुठून हलतो, भाषा कुठे असते, दिसतं कुठे, हेही ठरलेलं आहे. त्यामुळे काय गेलं हे नीट सांगितलं की कुठली वाहिनी गेली याचा अंदाज येतो.

मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि उजवी बाजू डावी. मात्र लहान मेंदूच्या लकव्यात तोल आणि हाताचा नेम ज्या बाजूला इजा, त्याच बाजूचा जातो.

बाबांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही बंद झालं. दोन्ही एकदम कसं?

डावी मधली सेरेब्रल धमनी. मोठ्या वाहिन्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा हीच बंद पडते. चेहरा आणि हात पायापेक्षा जास्त जातात. उजव्या हाताने काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची आणि बहुतेक डावखुऱ्यांचीही भाषा डाव्या मेंदूत असते, म्हणून बोलणंही जातं. मुख्य नळीच बंद असेल तर डोळेही एका बाजूला वळून राहतात. ते लुळ्या बाजूकडे न बघता तिच्या विरुद्ध दिशेला बघत असतात. हे घरच्यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण मोठी नळी बंद असल्याची ती खूण असते.

बोलणं दोन तऱ्हेनं बिघडतं. धमनीची वरची फांदी बंद झाली तर माणसाला समजतं, पण शब्द निघत नाही. एकच शब्द ओढूनताणून येतो आणि तो स्वतःवरच चिडतो. खालची फांदी बंद झाली तर उलट. तो भराभरा बोलतो, सूर-लय अगदी रोजचीच, पण वाक्यांना अर्थ नसतो आणि आपण काय विचारतोय ते त्याला कळत नाही. हात-पाय अनेकदा पूर्ण शाबूत. असा माणूस हमखास चुकीच्या दारात नेला जातो. कुणी म्हणतं डोक्यावर परिणाम झाला, कुणी म्हणतं बाहेरचं आहे. काल रात्री जेवताना नीट बोलत होता आणि सकाळी उठून असंबद्ध बोलतोय, तर आधी मेंदूचा स्कॅन. बाकी सगळं नंतर.

डावी बाजू गेली, पण काकाजी म्हणतात "मले काही झालं नाही"!

ते हट्ट करत नाहीत. उजवी मधली सेरेब्रल धमनी बंद झाली की पुष्कळदा डावीकडचं जगच जाणिवेतून पुसलं जातं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाढी उजव्या गालाचीच होते, डावा हात दाखवला तर "हा तुझाच आहे" असंही उत्तर येऊ शकतं. हात लुळा पडलाय हे त्यांच्या मेंदूला कळतच नाही. बोलणं मात्र जवळपास ठीक असतं, म्हणून घरचे फसतात. रुग्ण स्वतः दवाखान्यात यायला नाही म्हणतो, दुखत काहीच नसतं, आणि उपचाराची वेळ निघून जाते. अशा वेळी त्यांची परवानगी मागत बसू नका, गाडी काढा.

फक्त एक पाय गेला. मणक्याचा त्रास असेल ना?

असू शकतो. कमरेतून कळ पायात उतरत असेल तर मणक्याची शक्यता जास्त. पण दुखणं काहीच नाही, एकाएकी एका पायातला जोर गेला, हात बराचसा ठीक, तर पुढच्या सेरेब्रल धमनीचा विचार करावा लागतो. हा प्रकार कमी आढळतो. त्याच्यासोबत माणूस गप्प-गप्प होतो, विचारलं तर बऱ्याच वेळानं एका शब्दात उत्तर देतो, कपड्यात लघवी होते. "बाई म्हातारी झाली, मन लागत नाही तिचं" असं म्हणून हे सोडून दिलं जातं. म्हातारपण एका दुपारीत येत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं. तरी एका बाजूचं दिसत नाही.

मागची सेरेब्रल धमनी. बघतो मेंदू, डोळे फक्त चित्र पाठवतात. उजवीकडची धमनी गेली तर दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं दिसत नाही, आणि डावीकडची गेली तर उजवीकडचं. हात-पाय चांगले असल्यामुळे माणूस चालता-फिरता असतो, फक्त दाराच्या चौकटीला एकाच बाजूनं धडकतो किंवा गाडी एकाच बाजूनं घासून आणतो.

तपासायची सोपी रीत : एक-एक डोळा झाकून बघायला सांगा. दोन्ही डोळ्यांनी त्याच बाजूचं नाहीसं असेल तर बिघाड मेंदूत. एकाच डोळ्यापुढे वरून पडदा उतरल्यासारखं अंधारलं आणि काही मिनिटांत उघडलं, तर त्या बाजूची कॅरोटिड संशयित. हा नंतर येऊ घातलेल्या मोठ्या लकव्याचा इशारा असू शकतो. दोन्हींत गाडी चालवायची नाही.

डाव्या मागच्या धमनीत क्वचित एक विलक्षण गोष्ट घडते : माणूस चिठ्ठी लिहू शकतो, पण स्वतःच लिहिलेली चिठ्ठी वाचू शकत नाही.

मे महिन्यात चक्कर आली, उलट्या झाल्या. ऊन लागलं की लकवा?

नागपुरात या प्रश्नाला नीट उत्तर द्यायलाच हवं, कारण पारा ४५ च्या पुढे गेला की प्रत्येक चकरेचं खापर उन्हावर फुटतं. पन्हं पाजतात, कांदा ठेवतात, अंधाऱ्या खोलीत झोपवतात. चार तास गेले.

आधी खरं ते सांगू : नुसती चक्कर बहुतेक वेळा कानातली असते, लकव्याची नसते. पण चकरेच्या जोडीला पुढचं एक जरी असेल तरी मागच्या वाहिन्यांचा लकवा समजून निघायचं. एकाची दोन दिसणं. जीभ जड होणं. पाणी गिळताना ठसका लागणं. चेहऱ्याचा अर्धा भाग बधिर होणं. आधाराशिवाय उभं न राहता येणं, किंवा बसल्या जागी एकीकडे कलणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कानाच्या चकरेत माणूस भिंत धरून का होईना चालतो. लहान मेंदूच्या लकव्यात त्याला धड बसताही येत नाही, आणि बघणाऱ्यांना वाटतं दारू प्यायलाय. पिणारा माणूस असेल तर मग बघायलाच नको, कुणी डॉक्टरकडे नेतच नाही.

उष्माघातात अंग तापतं, ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, माणूस बरळतो, झटकेही येऊ शकतात. एकाच बाजूचं काही जाणं हा त्याचा स्वभाव नाही. तोही जीवघेणाच आहे, तेव्हा दोन्हींपैकी काय याचा घरी वाद नको.

मागच्या भागात कुठली फांदी गेली हेही पुष्कळदा सांगता येतं. व्हर्टिब्रल किंवा तिची लहान मेंदूकडे जाणारी खालची फांदी बंद झाली तर चक्कर, आवाज घोगरा, गिळता येत नाही, एक पापणी किंचित खाली, आणि काही केल्या न थांबणारी उचकी. गंमत म्हणजे, आणि रुग्णासाठी ती गंमत मुळीच नसते, एका बाजूचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूचं अंग यांना गरम-थंड कळत नाही. अंघोळीचं पाणी अर्ध्या अंगाला कढत लागतं, अर्ध्याला नाही. हात-पाय मात्र हलतात! पोस्टरवरच्या परीक्षेत हा रुग्ण जवळपास पास होतो. दुसरी एक फांदी कानालाही रक्त देते. तिच्यात चकरेसोबत एका कानाचं ऐकू येणं अचानक जातं.

बॅसिलर ही सर्वांत वाईट. सुरुवात चक्कर, दोन-दोन दिसणं, गुंगी अशी होते, कधी काही तास किंवा दिवस येत-जात राहते, आणि मग चारही हात-पाय जातात. काही जण शुद्धीत असतात, सगळं ऐकतात, पण पापण्या आणि डोळ्यांची वर-खाली हालचाल सोडून काहीच करू शकत नाहीत. बेशुद्ध समजून त्यांच्यासमोर काहीबाही बोललं जातं. डोळे मिचकवायला सांगून बघा. पूर्वी या प्रकारात हात टेकले जात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चिनी चाचण्यांनी दाखवलं, की निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही धमनीत बारीक कॅथेटर घालून गुठळी काढण्याचा फायदा होतो.

लहान मेंदूच्या लकव्यात रुग्ण पहिल्या दिवशी बरा वाटतो आणि सूज वाढून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढासळतो. म्हणून "चक्करच आहे, घरी नेतो" असा आग्रह धरू नका.

सलूनमध्ये मान मोडून घेतल्यावर असं होतं म्हणतात, खरं आहे?

क्वचित, पण खरं आहे. झटक्यानं व्हर्टिब्रलच्या आतल्या अस्तराला चीर पडते आणि तिथे गुठळी धरते. मानेच्या मागे नव्यानंच सुरू झालेलं एका बाजूचं दुखणं आणि मग चक्कर, हा क्रम तरुण माणसातही गंभीर समजावा. दाढी करा, मान राहू द्या.

तोंड, हात, पाय तिन्ही सारखेच गेले, पण बोलणं-समज उत्तम. म्हणजे साधा लकवा ना?

वाहिनी लहान असते, परिणाम लहान असेलच असं नाही. मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या केसासारख्या बारीक धमन्या वर्षानुवर्षांच्या बीपीनं आणि शुगरनं जाड होऊन बंद पडतात. इजा जेमतेम १५ मिलिमीटरपर्यंतची, पण तिथून हात-पाय-चेहरा यांच्या सगळ्या तारा एकत्र जातात. म्हणून तिन्ही सारखे जातात आणि भाषा, दृष्टी, भान शाबूत राहतं. कधी नुसतं अर्धं अंग बधिर, जोर पूर्ण. कधी नुसती जीभ जड आणि एक हात बावळट, शर्टाची गुंडी लागत नाही. हा लकवा टप्प्याटप्प्यानं वाढू शकतो. सकाळी बोटं, दुपारी हात, संध्याकाळी पाय. "सकाळी थोडंसंच होतं" म्हणून वाट बघणाऱ्यांची इथे फसगत होते.

दोन्ही दंडांत जोर नाही, पण पंजे हलतात. हा कुठला प्रकार?

दोन धमन्यांच्या हद्दीवरचा. पेंच कालव्याला पाणी कमी सोडलं की शेवटच्या टोकाची शेतं आधी वाळतात, तसं बीपी एकदम खाली गेलं की दोन इलाख्यांच्या सीमेवरचा मेंदू आधी उपाशी राहतो. मोठा रक्तस्राव, हृदय मंदावणं, जुलाब-उलट्यांनी कोरडं पडणं, आणि त्यात कॅरोटिड आधीच अरुंद असणं. उन्हाळ्यात बीपीच्या गोळ्या सुरू असताना जुलाब लागले तर डॉक्टरांना फोन करून गोळ्यांबद्दल विचारा. मनानं बंद करू नका.

रक्तवाहिनी फुटलीय की बंद पडलीय, हे घरी ओळखता येईल?

नाही. तीव्र डोकेदुखी, उलटी, झपाट्यानं शुद्ध हरपणं यांनी संशय फुटण्याकडे जातो, पण खात्री फक्त सीटी स्कॅन देतो. म्हणूनच घरी ॲस्पिरिन द्यायची नाही. हार्ट अटॅकचा नियम इथे लावू नका, फुटलेल्या वाहिनीत ती घात करेल. बीपीची जास्तीची गोळीही नको.

एक डोकेदुखी मात्र वेगळी ओळखा : क्षणात शिगेला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी, मान ताठ. मेंदूच्या तळाशी धमनीला आलेला फुगा फुटल्याची ती खूण असू शकते. त्याच्याआधी किंवा सोबत एक पापणी पूर्ण पडली आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर फुगा मागच्या जोडधमनीवर (कॅरोटिड आणि मागची सेरेब्रल यांना जोडणाऱ्या धमनीवर) असण्याचा दाट संशय.

तोंड वाकडं झालंय, हात-पाय ठीक. लकवाच का?

कपाळ बघा. भुवया वर करायला सांगितल्यावर त्या बाजूला आठ्या पडत नाहीत आणि डोळाही मिटत नाही, तर बहुधा चेहऱ्याच्या नसेचा आजार. आठ्या पडतात आणि फक्त ओठ ओढलेला आहे, तर मेंदू. देठाच्या लकव्यात हा नियम मोडतो, म्हणून शिक्कामोर्तब डॉक्टरांना करू द्या.

१० मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. सोमवारी दाखवलं तर चालेल?

नाही. गुठळी आली आणि विरघळली, जिथून आली ते ठिकाण तसंच आहे. मोठा लकवा येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांतच सर्वांत जास्त असतो. त्याच दिवशी मानेच्या वाहिन्यांची तपासणी आणि ईसीजी झाला पाहिजे. ठोके अनियमित निघाले तर रक्त पातळ करणारी गोळी, कॅरोटिड खूप अरुंद निघाली तर शस्त्रक्रिया, आणि तीही साधारण दोन आठवड्यांच्या आत.

लहान मुलांना, बाळंतिणीला लकवा येतो?

येतो. विदर्भात सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) पुष्कळ आहे, आणि सिकलसेलच्या मुलांत कॅरोटिडचं कवटीतलं टोक आणि मधली सेरेब्रल धमनी हळूहळू अरुंद होत जाते. डोक्याच्या बाहेरून ध्वनिलहरींनी केलेल्या डॉपलर तपासणीत रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त निघाला तर धोका मोठा. नियमित रक्त चढवून तो खूपच कमी करता येतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झालं. दोन ते सोळा वर्षांच्या सिकलसेल रुग्णाची ही तपासणी वर्षाला एकदा व्हावी. मूल लंगडायला लागलं, एका हातानं वस्तू पाडायला लागलं, तर सिकलसेलचं कार्ड घेऊनच निघा. त्याचे उपचार वेगळे असतात.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं आणि झटका हा शिरांमधल्या गुठळीचा नमुना. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात. ते बंद करा. झटका आला की लोक लगेच फिट्सचा आजार म्हणतात. आधी शिरांची तपासणी व्हायला हवी. उपचारानं बहुतेक जणी चांगल्या बऱ्या होतात.

सीटी नॉर्मल आला. मग लकवा नाही ना?

सीटी रक्तस्राव लगेच दाखवतो. बंद पडलेल्या वाहिनीची इजा पहिल्या काही तासांत त्यात न दिसणं नेहमीचं आहे, आणि मेंदूच्या मागच्या भागात तर तो आणखी कमी पडतो. लक्षणं असतील तर नॉर्मल सीटीचा अर्थ "गुठळी विरघळवायला हरकत दिसत नाही" असाही असतो. एमआरआय जास्त सांगतो, पण तोही मागच्या भागातला लहान लकवा पहिल्या दिवशी कधीकधी चुकवतो.

नागपुरात कुठे न्यायचं? आणि किती वेळ हाती असतो?

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ४.५ तासांच्या आत, मोठ्या नळीतली गुठळी काढणं ६ तासांच्या आत, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. पण मोठी नळी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, तेव्हा "अजून तीन तास आहेत" असा हिशेब करू नका.

मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालयं, पर्याय बरेच आहेत. नाव मोठं आहे का यापेक्षा फोनवर तीन गोष्टी विचारा. सीटी आत्ता सुरू आहे का? इंजेक्शन आत्ता देता का? गुठळी काढणारे डॉक्टर आहेत का? ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडे आधी थांबायचं नाही. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडून येणाऱ्यांनी थेट नागपूरचा रस्ता धरण्याआधी वाटेत इंजेक्शन मिळतंय का ते बघावं. ते घेऊन पुढे येता येतं.

डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

सर्वांत आधी : माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला. लक्षण कधी लक्षात आलं ही वेळ वेगळी. सकाळी ६ ला उठताना हात लुळा होता आणि रात्री १० ला झोपला होता, तर वेळ रात्री १० ची. मग काय गेलं, कुठल्या बाजूचं, एकदम की टप्प्याटप्प्यानं, डोळे कुठे वळले होते. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढलात तर उत्तम, त्यासाठी थांबू मात्र नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर पाकीटच न्या. तोंडानं काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

खर्ऱ्यानंही होतं का? मी सिगारेट ओढत नाही.

हो. तंबाखू चघळली तरी निकोटीन रक्तात जातंच, बीपी आणि ठोके वाढतात. पानठेल्यावर "धूर नाही म्हणजे धोका नाही" असं ऐकायला मिळतं. चुकीचं आहे.

गावाकडे लकव्याचं औषध देतात, कबुतराचं रक्त चोळतात. लोकांना गुण येतो की!

लकव्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःच बऱ्यापैकी सावरतो, त्यातही सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त. त्या काळात जे काही केलं त्याला श्रेय मिळतं. कबुतरालाही. नुकसान चोळण्यानं होत नाही, तिथे जाण्यात गेलेल्या तासांनी होतं, आणि नंतर बुडालेल्या फिजिओथेरपीनं. श्रद्धा असेल तर दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर जाऊन या. गिळायला मात्र काही घेऊ नका, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असताना.